डोंबिवलीहून नाशिकला: कमी खर्चाच्या गावाच्या शोधातील एका कुटुंबाचा हिशेब

डोंबिवली पूर्वेला भाड्याच्या दोन बेडरूमच्या घरात बरीच वर्षे राहिलेल्या एका पाच माणसांच्या कुटुंबाने मे २०२५ मध्ये नाशिकला बिऱ्हाड हलवले. हा निर्णय घेण्याआधी त्यांनी जवळजवळ आठ महिने विचार केला, चार गावांची तुलना केली, आणि त्या तुलनेचे कागद मांडताना मी त्यांच्यासोबत होतो. कुटुंबाच्या संमतीने ते प्रकरण येथे सविस्तर देत आहे. नावे दिलेली नाहीत आणि रकमा जवळच्या पाचशेला पूर्ण केल्या आहेत. या रकमा एका घराच्या आहेत, त्या कोणत्याही शहराची सरासरी म्हणून वाचू नयेत.

कुटुंबात पती, पत्नी, आठवीतील मुलगी, तिसरीतील मुलगा आणि पतीच्या बहात्तर वर्षांच्या आई. पती ऐरोलीतील एका कंपनीच्या तांत्रिक साहाय्य विभागात. आठवड्यातले दोन दिवस कार्यालयात आणि बाकीचे घरून काम. हातात येणारा पगार ७२,००० रुपये. पत्नी डी.एम.एल.टी. (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) झालेल्या, घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ, पगार २८,०००. आईंच्या हृदयात स्टेंट बसवलेला, गुडघे दुखरे. मुले सेमी-इंग्रजी माध्यमाच्या, राज्य मंडळाच्या शाळेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये इमारतीच्या पुनर्विकासाचे नक्की झाले आणि घरमालकाने पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घर रिकामे करण्यास सांगितले. पुनर्विकासात मालकाला विकासकाकडून पर्यायी घराचे भाडे मिळते, भाडेकरूला मात्र स्वतःची सोय स्वतःच पाहावी लागते. शिवाय परिसरातील बऱ्याच जुन्या इमारती एकाच वेळी पाडायला निघाल्या की त्या सर्व घरांतील माणसे त्याच भागात भाड्याची घरे शोधू लागतात आणि भाडी वर जातात. या कुटुंबाचे भाडे २४,००० होते. तशाच घराला आता २९,००० सांगितले जात होते. आधीच्या भाड्यात महिन्याला सुमारे १२,००० रुपये शिल्लक पडत. नव्या भाड्यात ती शिल्लक ७,००० वर येणार होती. दोन मुलांचे शिक्षण आणि एक हृदयरोगी ज्येष्ठ माणूस असलेल्या घरात ही रक्कम एका आजारपणात संपते.

सुरुवातीला यादीत पाच-सहा गावे होती. पुणे लगेच गळले, कारण त्यांना चालतील अशा भागांत भाडे डोंबिवलीइतकेच होते. छत्रपती संभाजीनगरला घरे स्वस्त होती, पण जायकवाडी धरणावरून येणारे नळाचे पाणी तेव्हा अनेक वसाहतींना रोज मिळत नव्हते, काही ठिकाणी तर कित्येक दिवसांच्या अंतराने येत होते. आणि गुडघेदुखीच्या आजी दिवसभर घरी असताना पाणी भरण्याचे वेळापत्रक सांभाळणे त्यांना झेपणारे नव्हते. उरली तीन: बदलापूर, कोल्हापूर आणि नाशिक. चौथा पर्याय म्हणजे वाढीव भाडे देऊन डोंबिवलीतच राहणे. तोही आम्ही शेवटपर्यंत कागदावर ठेवला, कारण जागा न बदलण्यालाही किंमत असते आणि ती मोजल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ येत नाही.

कोल्हापूरकडे मनाचा ओढा होता. पतीचे मूळ गाव शिरोळ तालुक्यात, तिथे भाऊ ऊसशेती करतो, धान्य आणि गूळ घरचा. घरातल्या चर्चेत आजींनी एवढेच सांगितले होते, “मला कुठं बी न्या, पण जिना चढायला लावू नका.” तरी गावाजवळ गेलो तर त्यांना बरे वाटेल, हे सर्वांनाच कळत होते. भाड्यातही कोल्हापूर सर्वांत स्वस्त: शहराच्या चांगल्या भागात दोन बेडरूमचे घर १२,००० ला मिळत होते.

इथे बहुतेक कुटुंबे भाड्याचे आकडे शेजारी-शेजारी लिहितात आणि सर्वांत लहान आकड्यावर बोट ठेवतात. आम्ही आधी दुसराच कागद केला: जागा बदलल्याने कोणते खर्च अजिबात बदलत नाहीत, याचा. डोंबिवली, नाशिक आणि कोल्हापूर या तिन्ही ठिकाणी वीज महावितरणचीच, म्हणजे युनिटचा दर तोच. पतीचा व्यवसाय कर राज्यभर सारखाच, वर्षाला २,५०० रुपये. गॅस सिलिंडर, मोबाइल, विम्याचे हप्ते, आईंची औषधे यांत नगण्य फरक. पती नव्या करप्रणालीत असल्याने घरभाड्यावरील करसवलतीचा प्रश्नच नव्हता. घरखर्चाचा जवळजवळ निम्मा भाग असा निघाला की तो कुठेही गेले तरी सोबत येणार होता. “तिकडे सगळेच स्वस्त” हे वाक्य यामुळे पहिल्याच बैठकीत बाजूला पडले, आणि माझ्या मते त्या दिवसापासून चर्चा मार्गी लागली.

मग बदलणाऱ्या बाबी घेतल्या, तुलना वाढीव भाड्याच्या डोंबिवलीशी. नाशिकला इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा या भागांत त्यांना हवे तसे घर १५,००० ला मिळत होते, म्हणजे भाड्यात १४,००० ची बचत. शाळेची फी आणि व्हॅन मिळून ३,००० कमी, भाजीपाला व दूध मिळून १,५०० कमी, रिक्षा आणि लोकलचा रोजचा खर्च २,५०० कमी. एकूण २१,०००. आता दुसरी बाजू: पत्नीला नाशिकच्या लॅबमध्ये २२,००० सांगितले गेले, म्हणजे मिळकत ६,००० ने घटली. पतीचा आठवड्याचा ऐरोलीचा प्रवास व बाहेरचे जेवण ४,०००. शहरात स्कूटरशिवाय चालत नाही, तिचे पेट्रोल व देखभाल २,०००. डोंबिवली-कल्याणच्या नातलगांकडे जाणे-येणे १,०००. एकूण १३,०००. भाड्यात चौदा हजार वाचूनही घराच्या हातात पडणार होते ते आठ हजार.

कोल्हापूरचा कागद अधिक विचार करायला लावणारा होता. भाड्यात १७,०००, शाळेत ४,०००, स्वयंपाकघरात २,५०० आणि रोजच्या प्रवासात २,५००, अशी एकूण २६,००० ची बचत. पण पत्नीला तिथे जे काम मिळत होते त्याचा पगार १६,०००, म्हणजे १२,००० ची घट, पतीचा दर आठवड्याचा प्रवास ६,०००, स्कूटर २,०००. निव्वळ फायदा ६,०००. सर्वांत कमी भाड्याचे शहर शिल्लकीत नाशिकच्या मागे पडले, आणि त्याचे जवळजवळ संपूर्ण कारण पत्नीचा पगार हे होते.

बदलापूरमध्ये मिळकत शाबूत राहत होती. भाडे १६,०००, म्हणजे १३,००० ची बचत, लोकलचा खर्च फक्त १,५०० ने जास्त. कागदावर हाच पर्याय उत्तम दिसत होता. परंतु डोंबिवलीत पत्नी दुपारी घरी येऊन आजींचे जेवण आणि औषधे पाहत आणि मुलगा शाळेतून येण्याच्या वेळी हजर असत. लॅबमध्ये उपाशीपोटी द्यायचे रक्ताचे नमुने सकाळी लवकर घ्यावे लागतात. बदलापूरहून त्या वेळेला पोहोचायचे तर पहाटेची गाडी आणि दुपारची फेरी रद्द. आजींसोबत दिवसभर थांबणाऱ्या बाईंना ८,००० द्यावे लागले असते. तो आकडा लिहिल्यावर फायदा ३,५०० वर आला. शिवाय उल्हास नदीच्या पुराचा प्रश्न होताच. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकून हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते, हे त्या पट्ट्यातील कोणीही विसरलेले नाही.

घरातील स्त्रीच्या वेळेची किंमत कागदावर न लिहिण्याची आपल्याकडे सवय आहे. या प्रकरणात ती लिहिली नसती तर निर्णय चुकला असता, असे मी ठामपणे म्हणेन.

पुढची पायरी प्रत्येक पर्यायाला ताण देऊन पाहण्याची. दोन प्रश्न ठरवले. पहिला: पत्नीला काम मिळालेच नाही तर? नाशिकमध्ये आणखी २२,००० गेल्यावर घर महिन्याला ७,००० ने तुटीत जाते. कोल्हापुरात आणखी १६,००० गेले तरी तूट ३,००० च्याच आसपास. म्हणजे पत्नीची मिळकत धरली तर नाशिक, न धरली तर कोल्हापूर. दुसरा प्रश्न: कंपनीने दोनाऐवजी चार दिवस कार्यालयात बोलावले तर? पतीच्या नियुक्तिपत्रात कामाचे ठिकाण ऐरोली असेच होते आणि घरून कामाची मुभा विभागप्रमुखांच्या ईमेलवर होती. अशी मुभा कधीही मागे घेतली जाऊ शकते. नाशिक रोडहून ठाणे साधारण दीडशे किलोमीटर. सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्सप्रेस मासिक पासधारकांची गाडी म्हणूनच ओळखली जाते. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली गाठता येते, आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीने रात्री दहाच्या आतबाहेर घरी पोहोचता येते. रोज करावा असा हा प्रवास नाही, पण नवी नोकरी शोधेपर्यंत काही महिने निभावता येतो. कोल्हापूर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, तिथून ते शक्यच नाही; आणि २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता, तेव्हा आठवड्याची एक फेरीही जमली नसती. शिरोळमधील घरात २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांचे पाणी शिरले होते. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, हे त्या घरातील लहान मुलालाही पाठ आहे.

दुसऱ्या प्रश्नाने कोल्हापूर बाजूला केले, पण पहिल्या प्रश्नाने नाशिकला एक अट घातली: पत्नीच्या हातात नियुक्तिपत्र आल्याशिवाय घराचा करार करायचा नाही. आधी घर, मग काम, हा नेहमीचा क्रम इथे उलटा केला. जानेवारी ते मार्च त्यांनी नाशिकच्या लॅब आणि रुग्णालयांत अर्ज केले, दोन ठिकाणी जाऊन काम करून दाखवले, आणि मार्चच्या अखेरीस एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून पत्र आले. मग त्या रुग्णालयापासून स्कूटरने पंधरा मिनिटांच्या आतच घर शोधायचे असे ठरले, म्हणजे दुपारची फेरी टिकली.

घरे पाहण्याचे काम आधी दिवाळीच्या सुट्टीत आणि मग एप्रिलमध्ये असे दोनदा केले, आणि दुसरी खेप जास्त उपयोगी पडली. दिवाळीत सगळ्याच इमारतींना पाणी असते. एप्रिलमध्ये त्यांनी दलालाला विचारण्याऐवजी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारले की कोणत्या सोसायटीत टँकर येतो. त्याने तीन इमारती बोटाने दाखवल्या, त्यांतील एक यांच्या यादीत पहिली होती. तिथल्या वॉचमनच्या वहीत टँकरच्या नोंदी दिवसाआड सापडल्या. दुसऱ्या एका इमारतीत पत्नी पहाटे साडेपाचला जाऊन उभ्या राहिल्या, कारण महापालिकेचे पाणी त्या वेळी येते असे सांगितले होते. नळ व्यवस्थित चालला आणि त्याच इमारतीत तळमजल्याचे घर घेतले. आजींच्या गुडघ्यांसाठी तळमजला हवाच होता, मात्र नाशिकच्या थंडीत तळमजला गारठतो, म्हणून दक्षिणेकडे खिडक्या असलेले घर पाहिले. गोदावरीकाठचे पंचवटी व सराफ बाजारालगतचे भाग त्यांनी आधीच वगळले होते. पाणी गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आले यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात, आणि ज्या भागाला त्या मूर्तीकडे पाहावे लागते तिथे आजारी माणसाला घेऊन राहायचे नाही, एवढा त्यांचा निकष होता.

कराराबाबत एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. नाशिकमध्ये २०२६ ते २०२८ या काळात सिंहस्थ कुंभमेळा आहे. ऑक्टोबर २०२६ अखेर ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नाने. त्या काळात राहण्याच्या जागांना मागणी वाढणार आणि अकरा महिन्यांचा करार असलेल्या भाडेकरूला घर सोडायला सांगण्याचा मोह मालकाला होणार, हे उघड होते. म्हणून त्यांनी छत्तीस महिन्यांचा, दरवर्षी ठरावीक पाच टक्के वाढीचा लिव्ह अँड लायसन्स करार मागितला, आणि त्यासाठी पहिल्या वर्षी भाडे उतरवून घेण्याची घासाघीस सोडून दिली. असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मालकावर आहे. दलाल “नोटरी करून टाकू” म्हणत होते. कुटुंबाने नोंदणीचाच आग्रह धरला. करार एप्रिल २०२८ पर्यंत आहे, म्हणजे ध्वजारोहणापासून मुख्य स्नानांपर्यंतचा काळ त्यात येतो.

शाळेचा प्रश्न तारखेने सुटला. मुलगी आठवी संपवून नववीत जाणार होती. दहावीत शाळा बदलणे तिच्यावर अन्याय ठरले असते, म्हणून जून २०२५ हीच शेवटची सोयीची वेळ होती. पुनर्विकासाची मुदत आणि ही वेळ जुळली. राज्य मंडळ आणि सेमी-इंग्रजी दोन्हीकडे असल्याने पुस्तके तीच राहिली. शाळा सोडल्याचा दाखला मे महिन्यात सुट्टीमुळे रखडतो, म्हणून अर्ज एप्रिलमध्येच दिला. २०२५-२६ पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले, त्यामुळे दोन वर्षांनी तिला नाशिकमधून मुंबईच्या महाविद्यालयासाठी किंवा उलट अर्ज करता येईल, ही चिंताही कमी झाली.

आईंच्या उपचारांची सोय घर बदलण्याच्या आधी केली. एप्रिलच्या भेटीत त्यांना नाशिकच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे नेले, जुन्या फायली आणि अँजिओप्लास्टीची सीडी दाखवली, आणि डोंबिवलीच्या डॉक्टरांकडून सारांशपत्र लिहून घेतले. आरोग्यविम्याबाबत सावध राहावे लागले: काही पॉलिसी शहरांच्या विभागांनुसार हप्ता ठरवतात, आणि कमी हप्त्याच्या विभागात पत्ता बदलून नंतर मुंबईत उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक टक्का स्वतः भरावा लागतो. या कुटुंबाने थोडा जास्त हप्ता चालू ठेवून मुंबईचाच विभाग राखला, कारण गुंतागुंत झाली तर मुंबईला यावे लागेल, ही शक्यता त्यांनी नाकारली नाही.

हलण्याचा एकरकमी खर्च असा झाला: सामानाचा टेम्पो व हमाली २६,०००, दलाली १५,०००, करार १,५००, शाळाप्रवेश, गणवेश व पुस्तके ३२,०००, आणि पडदे, नळ, पंखे, शेगडीची जोडणी वगैरे १२,०००. पत्नीचा मधल्या पंधरा दिवसांचा बुडालेला पगार १४,०००. मिळून १,००,५००, महिना ८,००० च्या फायद्यातून तो भरून निघायला साधारण साडेबारा महिने. स्कूटरचे ९५,००० धरले तर दोन वर्षे. दोन वर्षांच्या आत परत फिरायचे असते तर पैशांच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचाच होता, आणि हे त्यांना जाण्यापूर्वी माहीत होते. अनामतीचाही पेच होता: नाशिकला ४५,००० आधी द्यायचे आणि डोंबिवलीचे ७५,००० घर रिकामे केल्यावर मिळायचे. ती तफावत भागवण्यापुरती मुदतठेव त्यांनी मार्चमध्येच मोडून ठेवली.

पहिल्या वर्षाचा प्रत्यक्ष हिशेब अंदाजापेक्षा थोडा खाली राहिला. शिल्लक १५,००० ऐवजी सरासरी १२,५०० च्या आसपास पडली. लग्नकार्ये, बारसे, आजारपण यांसाठी डोंबिवलीला जाणे अंदाजाच्या दुपटीहून अधिक झाले. एसटीत पत्नीला आणि आजींना अर्धे तिकीट लागते, तरी पाच माणसांच्या फेरीचा खर्च होतोच. पती सलग दोन दिवस कार्यालयात जातात आणि मधली रात्र कल्याणला मेहुण्यांकडे राहतात. दिवाळीनंतर कंपनीने तीन दिवसांची सक्ती केली, तेव्हा मधल्या रात्री दोन झाल्या. मेहुण्यांनी हरकत घेतली नाही, पण हे कायम चालणार नाही असे पतींनीच मला सांगितले, आणि त्यांनी नाशिक-सातपूर परिसरात नोकरी शोधायला सुरुवात केली आहे. पगार बहुधा कमी मिळेल. प्रवासाचे आता सहा हजारांच्या घरात गेलेले पैसे वाचतील हे धरून, साधारण ६४,००० पर्यंतची नोकरी स्वीकारायची असे दोघांनी ठरवले आहे. त्यातली दोन हजारांची झीज ते घरी राहता येण्याची किंमत समजतात.

आजींना मात्र जड गेले. डोंबिवलीतले भजनी मंडळ त्यांचे रोजचे जग होते, आणि नाशिकला पहिले तीन-चार महिने त्या दारातल्या खुर्चीत बसून असत. कागदावर याला रकाना नव्हता. पत्नीने रुग्णालयातील एका सहकारी परिचारिकेकडून जवळच्या दत्तमंदिरातील मंडळाचा पत्ता काढला, आणि श्रावणापासून आजी तिथे जाऊ लागल्या. आता शनिवारी त्यांच्या वेळेप्रमाणे घरचे जेवण पुढेमागे होते.

घर विकत घेण्याचा प्रश्न त्यांनी पुढे ढकलला आहे. दलाल कुंभमेळ्याआधी घ्या, नंतर भाव वाढतील असे सांगतात. माझा सल्ला थांबण्याचा होता आणि आजही आहे, कारण पतीची नोकरी नाशिकला येईपर्यंत या घराचा एक पाय ऐरोलीत आहे आणि वीस वर्षांचे कर्ज अशा अवस्थेत घेऊ नये. मार्च २०२७ मध्ये मुलीची दहावी, एप्रिल २०२८ मध्ये कराराचा शेवट. त्या दोन तारखांच्या मध्ये पतीला नाशिकला काम मिळाले तर ते पाथर्डी फाट्याच्याच बाजूला घर पाहतील. नाही मिळाले तर करार वाढवून घेतील, किंवा ठाण्याच्या अलीकडे शहापूर-आसनगाव पट्ट्यातील भाडी पुन्हा एकदा याच कागदावर मांडून पाहतील.